रोजच्या वापरातल्या कुठल्या वस्तूने जग सगळ्यात जास्त हलवलं? माझं मत: कागदी नोट

नाशिकरोडकर (धागाकर्ता)

नाशिकरोडला वाढलेल्या माणसाला नोटेचं काय कौतुक असं बाहेरच्यांना वाटतं, माझं उलट आहे. वडील इथल्या नोटा छापायच्या प्रेसमधून रिटायर झाले. आत काय चालतं ते घरात कधी बोलले नाहीत आणि आम्हीही कधी विचारलं नाही, पण आजसुद्धा किराणावाल्याने सुटे परत दिले की ते आधी अंगठ्याने नोटेची कड चाचपतात. शंभरच्या नोटेला कडेला चार तिरप्या उठावदार रेघा, पाचशेला पाच. ज्यांना दिसत नाही त्यांना हाताला कळावं म्हणून.

कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद चालला होता की जगाच्या इतिहासात रोजच्या वापरातली सगळ्यात मोठी वस्तू कुठली. मीठ, साबण, खिळा, बटाटा, सगळं बोलून झालं. मी नोट म्हणालो तर एकजण म्हणे नोट ही काय वस्तू आहे का, तो नुसता कागद. तेच तर म्हणायचंय मला! नुसत्या कागदासाठी कोणी पोतंभर धान्य का देईल? हे माणसाला जमलं कसं आणि कितीदा फसलं, हा मला राजे-लढायांपेक्षा मोठा इतिहास वाटतो.

सुरुवात चीनमध्ये. सिचुआन प्रांतात, चेंगदू शहराच्या बाजूला, सुंग राजवटीत तांब्याऐवजी लोखंडी नाणी चालायची. लोखंड ते, किंमत कमी आणि वजन मरणाचं. मग लोक आपली नाणी ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ठेवायचे आणि त्याची पावती घ्यायचे आणि हळूहळू ती पावतीच या हातातून त्या हातात फिरायला लागली. काही व्यापारी बुडाले, भांडणं झाली, शेवटी सरकारने काम आपल्या हातात घेतलं आणि १०२४ मध्ये सरकारी नोटा निघाल्या. पुढे कुबलाई खानाच्या काळात मार्को पोलो तिथं गेला तेव्हा तुतीच्या सालीच्या कागदावर पैसा छापतात हे बघून चकित झाला होता.

मला सगळ्यात आवडते ती मिंग राजवटीतली १३७५ सालची नोट. जवळजवळ वहीच्या पानापेक्षा मोठी, फुटाहून जरा जास्त लांब, आणि मधोमध चित्र काय, तर ओवलेल्या नाण्यांच्या माळा. हजार नाण्यांची नोट आहे हे ज्याला वाचता येत नाही त्यालाही बघून कळावं. खाली मजकूर की खोटी नोट करणाऱ्याचं मुंडकं उडवलं जाईल आणि पकडून देणाऱ्याला २५० ल्यांग, म्हणजे नऊ किलोंच्या घरातली चांदी बक्षीस, वर गुन्हेगाराची मालमत्तापण. आता अंगठ्याखालच्या त्या चार रेघा आठवा. सहाशे वर्षांच्या अंतरावर काम तेच चाललंय, ज्याला वाचता येत नाही त्यालाही फसवलं जाऊ नये.

तुमचं मत सांगा. दुसरी वस्तू असेल तरी चालेल पण कारणासकट.

---

इतिहासवेडी_सिडको

भारी विषय दादा. युरोपातली पहिली नोटही वजनाच्या त्रासातूनच आली. स्वीडनकडे तांबं भरपूर आणि चांदी कमी, म्हणून १६४४ पासून त्यांनी तांब्याच्या पत्र्यांचाच पैसा केला. दहा डालरचा (डालर हे तिथलं चलन) एक पत्रा जवळजवळ वीस किलोचा!! म्हणजे मोठी खरेदी करायची तर बैलगाडी काढा. मग योहान पाल्मस्ट्रुक नावाच्या माणसाच्या बँकेने १६६१ मध्ये नोटा काढल्या, लोकांना इतकं हलकं वाटलं की उड्या पडल्या, आणि त्याने तिजोरीत होतं त्यापेक्षा जास्त छापत नेलं. तीनच वर्षांत लोक पैसे परत मागायला दारात उभे राहिले आणि द्यायला काही नव्हतं. त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली, नंतर माफ झाली. त्या राखेतून १६६८ मध्ये स्वीडनची सरकारी बँक उभी राहिली, ती आजही चालू आहे, जगातली सगळ्यात जुनी मध्यवर्ती बँक तीच.

मला यात पाल्मस्ट्रुकपेक्षा ते दारातले लोक महत्त्वाचे वाटतात. रांगेत उभं राहून त्यांनीच तर सिद्ध केलं की कागदावरच्या शब्दाला अर्थ पाहिजे.

---

मास्तर_गंगापूररोड

तुघलकाचं नाव अजून कसं आलं नाही? आपल्या दौलताबादेचाच संबंध आहे. महंमद तुघलकाने १३२९-३० च्या आसपास पितळ-तांब्याची नाणी काढली आणि हुकूम सोडला की ही चांदीच्या टंक्याच्या भावाने घ्यायची. त्यातली काही दौलताबादच्या टांकसाळीत पाडलेली आहेत. त्याला चीनच्या नोटांची माहिती होती असं दिसतं, आणि इराणात तबरीझला १२९४ मध्ये मंगोल राजाने कागदी पैसा सक्तीने चालवून बघितला होता तेही फार जुनं नव्हतं. तिथं बाजार ओस पडले होते आणि दोनेक महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या.

लोक त्याला वेडा म्हणतात, मी चाळीस वर्षं वर्गात सांगत आलो की कल्पना वेडी नव्हती. आज आपण दहा रुपयांचं नाणं घेतो त्यातल्या धातूची किंमत दहा रुपये असते का? कल्पना तीच. त्याच्याकडे नव्हती ती नक्कल रोखायची सोय. चीनमध्ये कागद, शाई, शिक्के सगळं सरकारच्या ताब्यात होतं. इथं तांबट गल्लोगल्ली, आणि नाणं असं की कोणीही घरी पाडावं. त्या काळचा इतिहासकार बरनी, त्याने लिहून ठेवलंय की घराघरात टांकसाळ झाली. नाण्यावर काय कोरलं होतं माहितीये? जो सुलतानाची आज्ञा मानतो तो परमेश्वराची आज्ञा मानतो. शेवटी त्याला सगळी नाणी परत घेऊन बदल्यात खरी चांदी द्यावी लागली आणि तांब्याचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने बोललीच पाहिजे, त्याने दिलेला शब्द मोडला नाही, खजिना रिकामा करून पैसे दिले.

---

प्राची_इंदिरानगर

वाचतेय. मुलाला पण वाचून दाखवला मास्तरांचा प्रतिसाद.

---

निफाडचा_बागायतदार

सगळं छान आहे पण मला पटत नाही. तुम्ही सगळे शहरातले, म्हणून नोट मोठी वाटते. आमच्या पणजोबांच्या आधी गावात रोकडा बघितलाय कोणी? बलुतेदारी होती, सुताराला, लोहाराला, न्हाव्याला सुगीला धान्याचा वाटा जायचा, वर्षभर ते काम करायचे. नाणं लागायचं ते सारा भरायला आणि लग्नात. म्हणजे जगातले बहुतेक लोक बहुतेक काळ पैशाशिवाय जगलेत, आणि पैसा त्यांच्या घरात शिरला तो कर्ज होऊन.

मोठी वस्तू म्हणायची तर मी नोट नाही म्हणणार, कर्जरोखा म्हणीन. बघा कसं आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लिंकनने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, खानदेशात तर जिकडेतिकडे कापूस. सावकार दारात येऊन पैसे देत होता, घ्या घ्या म्हणून. १८६५ ला तिकडची लढाई संपली, भाव कोसळला. त्याच साली आपल्या कसारा घाटातून रेल्वे वर चढली होती, म्हणजे माल न्यायची सोय झाली आणि मालाला भाव राहिला नाही. वर सरकारने सारा वाढवला आणि तो रोखीतच पाहिजे, धान्यात चालणार नाही. पाऊस असो नसो हप्ता ठरलेला.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, मग पुणे-नगरच्या गावागावात पसरलं. आणि त्यांनी नेलं काय? बहुतेक ठिकाणी माणसांना फार हात लावला नाही. कागद मागितले. रोखे, कर्जाची खतं, हिशोबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या, कागद दिले की निघून जायचे. त्यावर सरकारला चौकशी बसवावी लागली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. अंगठा उठवलेला कागद घरावर, जमिनीवर, बैलावर कसा बसतो हे ज्याच्या घरात झालंय त्यालाच कळतं. मिंगच्या नोटेवर अडाण्याला कळावं म्हणून चित्र होतं म्हणता, आमच्या रोख्यावर कोणी चित्र काढलं नाही.

---

नाशिकरोडकर

बागायतदार दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं. पण मला वाटतं आपण दोघं एकाच वस्तूच्या दोन बाजू सांगतोय. नोट म्हणजेपण कर्जरोखाच आहे, फक्त देणेकरी सरकार आहे. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते आणि धारकाला इतके रुपये अदा करायचं वचन असतं, वाचून बघा. (एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसतं, ती थेट भारत सरकारची, सही अर्थसचिवांची.) फरक एवढाच की रोख्यात गरीब माणूस शब्द देतो आणि तो मोडला तर जमीन जाते. नोटेत राज्य शब्द देतं आणि तो मोडला तरी पुन्हा गरिबाचंच जातं. म्हणून तर म्हणतोय की हा इतिहास लढायांपेक्षा मोठा.

---

इतिहासवेडी_सिडको

राज्याने शब्द मोडल्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण जर्मनी. १९१४ मध्ये एका डॉलरला ४.२ मार्क. लढाई कर्ज काढून लढली, हरले, वर नुकसानभरपाई डोक्यावर. १९२३ च्या जानेवारीत फ्रान्स-बेल्जियमने रुहर हे जर्मनीतलं कारखान्यांचं खोरं ताब्यात घेतलं, तिथले कामगार संपावर गेले आणि त्यांना पगार द्यायला सरकार नोटा छापत सुटलं. सरकारी प्रेस पुरेना म्हणून शंभराहून जास्त खासगी छापखाने कामाला लावले, वेळ वाचावा म्हणून कित्येक नोटा एकाच बाजूने छापल्या. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क! बर्लिनमध्ये पावाची लादी २० हजार कोटी मार्कांच्या घरात. कामगारांना दिवसातून दोनदा पगार, हातात पडला की बायको धावत दुकानात, कारण संध्याकाळी तेवढ्यात अर्धंही येणार नाही.

माझी आजी बँकेत एजंट होती, पिग्मीचे पैसे गोळा करायची घरोघरी, त्यामुळे मला त्या जर्मन म्हाताऱ्यांचं फार वाटतं ज्यांनी आयुष्यभर थोडं थोडं साठवलं होतं. कर्जदार सुटले, साठवणारे संपले. मग १५ नोव्हेंबरला नवा रेंटनमार्क आणला, एक लाख कोटी जुन्या मार्कांना एक नवा. मागे सोनं नव्हतं, शेती आणि कारखान्यांवर बोजा चढवून त्याचा आधार दाखवला होता, पण छापायची मर्यादा ठरवून ती पाळली आणि एवढ्यावर घसरण थांबली.

हंगेरीचं तर आकड्यातही लिहिता येत नाही, १९४६ मध्ये १ वर २० शून्यं एवढ्या पेंगोची नोट चलनात आली होती. भाव साधारण पंधरा तासांनी दुप्पट.

---

मस्कतकर_मूळ_पंचवटी

नाशिकच्या प्रेसची एक गोष्ट इथं गल्फमध्ये जुन्या लोकांकडून ऐकायला मिळते ती सांगतो. १९५०-६० च्या दशकात कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत इकडे सगळीकडे आपला रुपयाच चालायचा. मग रुपये इकडे आणून सोनं घ्यायचं आणि ते चोरून भारतात न्यायचं हा धंदा इतका वाढला की भारताची परकीय गंगाजळी आटायला लागली. म्हणून १९५९ मध्ये फक्त आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, त्या आपल्या नाशिकला छापलेल्या. डिझाईन आपल्यासारखंच, रंग वेगळा, नंबरच्या आधी झेड. दहाची नोट लाल, शंभरची हिरवी. भारतात त्या चालत नसत.

कुवेतने १९६१ ला स्वतःचा दिनार काढला, बहारीनने १९६५ ला, १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर बाकीच्यांनीही सोडला. मस्कतमध्ये मात्र १९७० पर्यंत चालला. आणि त्याच वेळी इथं डोंगराकडच्या भागात कुठलं नाणं चालायचं माहितीये? ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचं. ती १७८० मध्ये वारली, पण चांदी खात्रीची म्हणून अरबस्तानात आणि इथिओपियात लोक तेच मागायचे, त्यामुळे पुढे दीडशे-दोनशे वर्षं नव्याने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर साल १७८० च. इथल्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, अजून विकायला असतात, बायकांच्या जुन्या दागिन्यांत ओवलेले. राणी कोण, ऑस्ट्रिया कुठे, काही माहिती नसताना लोकांनी त्या चेहऱ्यावर भरवसा ठेवला.

---

मास्तर_गंगापूररोड

उत्तम माहिती. जोडीला हे घ्या. फाळणीनंतर पाकिस्तानकडे प्रेस नव्हती, १९४८ मध्ये त्यांच्या सुरुवातीच्या नोटा म्हणजे आपल्याच नोटांवर पाकिस्तान सरकार असा मजकूर चढवून नाशिकलाच छापल्या. दोन्हीकडे रक्त सांडत असताना हे काम इथं शांतपणे चाललं होतं.

---

पांडवलेणी_रोज_सकाळी

एवढं चीन स्वीडन झालं, अहो आपल्या पांडवलेण्यात काय कोरलंय ते तरी बघा! दहा नंबरचं लेणं. इथला तेव्हाचा राजा क्षत्रप नहपान, त्याचा जावई उषवदात, त्याचा लेख, साल ४२, म्हणजे इसवी सन १२० च्या आसपास. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले, पण हातात नाही दिले. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे ठेवले. एकीकडे २००० दरमहा शेकडा एकाने, दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊणने. मुद्दलाला कधी हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, हे स्पष्ट लिहिलंय. आपल्या एफडीसारखंच.

आता हिशोब करून बघा. २००० वर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेखात पुढे म्हटलंय की वस्सावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. बारा वीसं दोनशे चाळीस. बरोब्बर! नगरसभेत वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं असंही आहे. मी तो लेख रोज बघतो आणि ज्या विणकरांनी ही जबाबदारी घेतली त्यांच्याबद्दल मनात आदर वाटतो. राजाचा जावई पैसे ठेवायला विणकरांकडे येतो, केवढी पत असेल त्यांची.

आणि पुढचं. नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं. १९०६ मध्ये आपल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का परत मारलाय. नाणं जवळून बघितलं तर एका बाजूला नहपानाचं डोकं, नाक, कान, कडेने ग्रीक अक्षरं, आणि त्याच चेहऱ्यावर चढवलेलं चैत्याच्या टेकडीचं चिन्ह. खालचा माणूस पूर्ण पुसला जात नाही. वितळवून नवीन पाडता आली असती, पण लोकांच्या हातातलं चलन थांबवायचं नव्हतं, नाणं चालू राहिलं पाहिजे, धनी बदलला एवढं कळलं पाहिजे. मला तरी त्याचा अर्थ असाच लागतो.

---

निफाडचा_बागायतदार

हे मात्र मला माहिती नव्हतं, जोगलटेंभी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, गोदा-दारणा संगमाला कितीदा गेलोय. विणकरांच्या हातात भांडवल होतं आणि व्याज ते देत होते, हे वाचून बरं वाटलं. म्हणजे कष्ट करणाऱ्याकडे पत होती कधीतरी. ती कशी गेली यावर कोणीतरी लिहा.

ही नाणी कुठे बघायला मिळतील?

---

पांडवलेणी_रोज_सकाळी

त्या ठेव्यातली नाणी वेगवेगळ्या म्युझियममध्ये विखुरली आहेत. पण त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघाच. मुलांना घेऊन जा. क्षत्रप-सातवाहनांपासून आपल्या चांदवडच्या टांकसाळीपर्यंत सगळं समजून घेता येतं. चांदवडच्या रुपयावर जाफराबाद उर्फ चांदोर असं नाव असायचं आणि आपल्या नाशिकचं गुलशनाबाद.

---

प्राची_इंदिरानगर

मला खोट्या नोटांबद्दल एक लिहायचंय. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ब्रिटनची अर्थव्यवस्था पाडायला खोटे पौंड छापले, साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत, साधारण १४० ज्यू कैद्यांकडून. खोदकाम करणारे, छापखानेवाले, बँकेतले, असे शोधून शोधून आणले. कागद जमेना, कारण इंग्लंडचा कागद कापडाच्या चिंध्यांचा. मग लक्षात आलं की चिंध्या नव्या चालत नाहीत, वापरून मळलेल्या आणि मग धुतलेल्या लागतात. छापून झाल्यावर कैद्यांची एक रांग नोटा हातात घेऊन दुमडायची, मळवायची, टाचणीने भोकं पाडायची, कारण इंग्रज कारकून नोटांना टाचण्या लावतात. १३ कोटी पौंडांहून जास्त छापले. शेवटी बँक ऑफ इंग्लंडला दहा पौंड आणि त्यावरच्या सगळ्या नोटा काढून घ्याव्या लागल्या, दहाची नोट परत आली ती थेट १९६४ मध्ये.

पौंडानंतर डॉलर करायला सांगितले तेव्हा त्यातल्या काहींनी मुद्दाम काम लांबवलं. काम संपलं की आपणही संपणार हे माहिती होतं, आणि लवकर झालं तर हिटलरला मदत होणार हेही. मे १९४५ मध्ये ऑस्ट्रियातल्या एबेनझे छावणीत ते सुटले. तुघलकाच्या तांबटापासून इथपर्यंत नक्कल करणाऱ्यांना आपण चोरच म्हणतो, पण हे लोक मला फार मोठे वाटतात.

---

नाशिकरोडकर

प्राचीताई, हा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते एवढंच म्हणाले की कागद हाच खरा, छपाई नंतर. आपल्या नोटेचा कागदपण कापसाचाच, म्हणून खिशात राहून धुतली गेली तरी लगदा होत नाही.

---

मुद्रांक_विक्रेता_सीबीएस

उशिरा आलो. आमच्या धंद्यातली वस्तू कोणी घेतली नाही, स्टॅम्प पेपर. तोही नाशिकरोडलाच छापतात. हॉलंडला १६२४ मध्ये लढाईसाठी पैसा पाहिजे होता तेव्हा लोकांकडून नव्या कराच्या कल्पना मागवल्या आणि त्यातून निघालेली ही युक्ती, करारनामा चालायचा तर सरकारी शिक्क्याचा कागद घ्या. इंग्लंडने तीच १७६५ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींवर लादली. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्र, अगदी पत्त्यांचा कॅट आणि फासे, सगळ्याला शिक्का. लोक इतके भडकले की शिक्क्याचा कागद विकणाऱ्या माझ्यासारख्यांचे पुतळे जाळले, विक्रेत्यांनी राजीनामे दिले, आणि १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा कागद विकायला जवळपास कोणी शिल्लक नव्हतं. पुढच्या मार्चमध्ये कायदा मागे. आमचं कोणी प्रतिनिधी तुमच्या पार्लमेंटमध्ये नाही तर कर कसला, हा वाद तिथून पेटला तो स्वातंत्र्यापर्यंत गेला.

बागायतदार साहेब, तुमचा कर्जरोखापण असल्याच कागदावर असतो. त्यावर वेगळा धागा काढला तर मी जुन्या संस्थानांच्या मुद्रांकांचे फोटो टाकतो, जमवलेत बरेच.

---

निफाडचा_बागायतदार

काढा. शनिवारनंतर काढा पण, सध्या छाटणी चालू आहे, रात्रीच वाचायला मिळतं.